अर्जाचं फाडलेलं पान

"सही करतो की. पर उद्यापासून तुझ्या मायला गोठ्यावर धाड. लई दिस झाले, दिसली न्हाई."

पाटील बाजेवर. मी अंगणात, उन्हात उभी. हातात स्कॉलरशिपचा अर्ज. कॉलेजच्या क्लार्कनं बजावलं होतं, उत्पन्नाच्या रकान्याखाली पोलीस पाटलाचीच सही लागते. मुदत चार दिवस. स्कॉलरशिप नाही तर माझं कॉलेज बंद.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा आईनं पाटलाच्या गोठ्यातलं शेणकाम सोडलं होतं. तो ते विसरला नव्हता.

घरी सांगितलं. आईनं खराटा उचलला. "तू शीक. मला काय होतंय?"

दोन दिवस तिनं शेण काढलं. सही नाही. "महिनाभर बघू," पाटील हसला.

तिसऱ्या दिवशी मुदत वाढवून मागायला निघाले. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर पुसेगावचा धनगराचा पोरगा भेटला. तो दुसऱ्या कॉलेजात. त्याच्याजवळही तोच अर्ज होता, पण त्याला दोन पानं होती. दुसऱ्या पानावर नियम. पोलीस पाटलाची सही, किंवा वडिलांचं प्रतिज्ञापत्र.

किंवा.

माझा अर्ज पाहिला. कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं. पान नव्हतं.

कॉलेजात जाऊन क्लार्कला विचारलं, "दुसरं पान काहून फाडलं?"

"तुम्हा लोकांना नियम वाचून काय करायचंय? सांगितलं तेवढं करा."

त्याच्या टेबलावर ती फाडलेली पानं होती. कोऱ्या बाजूवर त्याची आकडेमोड. हा पाटलाचा कोण लागत होता, मला माहीत नाही. कुणी लागत नसेलही. त्याचीच जास्त भीती वाटते.

मी उलटी गावी आले. सरळ गोठ्यात गेले. आईच्या हातातला खराटा घेऊन पाटलासमोर टाकला.

"तुमची सही नको."

"मग शिकशील कशी गं?"

आईला घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी तहसीलीत बापानं प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवला. तिथून सरळ कॉलेजात. क्लार्कनं अर्ज ठेवून घेतला, "जा" म्हणाला. मी हलले नाही. पोच लिहून घेतली, सहीशिक्क्यासकट.

त्या धनगराच्या पोराकडून मी नियमांचं पान उतरवून घेतलंय. दर रविवारी वस्तीत मोठ्यानं वाचते, 'किंवा'वर बोट ठेवून. शाळकरी पोरी नकला करून घेऊन राहिल्यात. आता कुणी गोड बोलून कागद पुढं केला, तरी मी आधी टाचणीची भोकं मोजते. पान कमी असलं तर मागते. मिळेपर्यंत टेबलासमोरून हटत नाही. हटणार नाही.