बांधावरचं पोलंड

दुसरं महायुद्ध अजून संपलेलं नाही असं मानणारा जगात एकच माणूस उरला आहे आणि तो आमच्या हिचा सख्खा मामा निघाला, हे माझं नशीब! मामा फौजेतून सुभेदार होऊन पलूसजवळ ऊस करायला परतले, ते डोक्यात अख्खा युरोप भरूनच. लग्नघरी कामं उरकल्यावर पंगतीला टपकणारा पाहुणा दिसला, की ते माझ्या कानाशी लागतात, "इटली आली बगा जावईबापू. फ्रान्स आडवा पडल्यावर लढाईला!" भर एप्रिलात सांगलीच्या बाजारात हळद घेऊन येतात, तेही स्वेटर घालून. मी हसलो तर म्हणाले, "हसा! फ्रान्सचा बादशहा आन् जर्मनी, दोघांचाबी रशियाशी तह हुता. दोघांनीबी त्यो मोडला, भर उन्हाळ्यात घुसले आन् थंडीत मेले. लोकरीचं कापडच न्हाई!" घामाच्या धारा वाहत होत्या, पण रशिया काही त्यांना गाठू शकला नाही.

मामांचा एकुलता एक दोस्त म्हणजे शेजारच्या रानातला दादू. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळीवरून कधी ब्र नाही, आणि संध्याकाळचा चहा बांधावर. यंदा नांगरट झाली आणि मामांना बांध वीतभर कोरलेला दिसला. झालं! "पोलंड गेलं! जर्मनीवानी दादूनं तह मोडला," असं जाहीर करून त्यांनी बोलणंच टाकलं. चहा घरात येऊ लागला. मामा तो निम्मा टाकून द्यायचे आणि उगाच बांधाकडे बघत बसायचे. मला खरंच वाईट वाटायचं.

शेवटी परवा माझ्यादेखत मामी कडाडल्या, "आवं, दादूभावजींच्या रानात ऊस उभा हाय की! त्यात ट्रॅक्टर शिरंल कसा? नांगरट आपल्याच रानात झाली. ट्रॅक्टर तुमीच सांगितला हुता न्हवं?"

मामा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हंजे... जर्मनी आमीच व्हय?"

मला हसू आवरेना. पण मामा तसेच उठले आणि थेट बांधावर गेले. मागोमाग मीही. दादू तिथंच उभ्या उसाचं सोललेलं वाळकं पाचट गोळा करत होता.

"दादू, बांध मीच कोरला रं."

"ठावं हाय. म्या बगितलं हुतं तवाच."

"मग बोलला न्हाईस?"

"वीतभर मातीपायी तुला काय बोलायचं गड्या? समदा बांध न्हे की." दादूनं पाचट खाली टाकलं. "पन आख्खा उन्हाळा तू बोलला न्हाईस, त्यो कुटनं भरून देनार?"

मामांनी दाखला द्यायला तोंड उघडलं. एवढ्या थोरल्या युरोपात त्यांना एकही सापडला नाही. ते नुसते दादूच्या शेजारी बसले आणि डोळे पुसू लागले. मी मामींना चहा टाकायला सांगायला घराकडे वळलो.