नाव कुणीबी सांगंल

जयश्रीताई खुर्चीत नुसत्या टेकायच्या, एसटी सुटायला आल्यासारख्या. धाराशिवच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या सगळ्यांत जुन्या. ऑफिसला कुलूप मी लावायचो आणि ओढून त्या बघायच्या. जिना उतरल्यावर पुन्हा वर जायच्या. मी चिडायचो. "साहेबांनी पाठवलंय," असं म्हणत कुणी आलं, की त्यांचं ठरलेलं, "नाव कुणीबी सांगंल. साहेबांना इचारते." आणि त्याच्यासमोरच फोन. आमच्याकडे अमक्याचा पाहुणा म्हटलं की चहाच पुढे येतो. त्यामुळे लोक ताईंना खडूस म्हणत, मीसुद्धा.

मुलींच्या एका वसतिगृहाची वेबसाइट आम्ही केली होती. वडिलांनी मोबाइलवरून परवानगी दिली, की न्यायला आलेल्या माणसासोबत मुलीला सोडत. लॉगिन केल्यावर वेबसाइट वडिलांच्या मोबाइलला टोकन, म्हणजे डिजिटल ओळखचिठ्ठी, देते. त्यात त्यांचं नाव आणि ते खरं असल्याची डिजिटल सही. ती सही दर वेळी तपासायची असते. चाचणीपुरती ती तपासणी बंद केली होती, चालू करायची राहून गेली. वेबसाइट नुसतं नाव वाचून आत घेत होती.

एका शनिवारी ताईंनी तपासून बघायला स्वतःच एक खोटं टोकन रचलं, त्यात एका वडिलांचं नाव घातलं आणि पासवर्डशिवाय आत गेल्या. साहेब म्हणाले, सोमवारी बघू, एवढे उद्योग कोण करतंय. ताईंनी मला दुरुस्तीला बसवलं आणि स्कूटी काढून थेट वसतिगृह गाठलं. तिथे फाटकापाशी येरझाऱ्या घालत मला सारखा फोन, झालं का, झालं का. घाईने माझे हात चुकत होते आणि त्यांचा भयंकर राग येत होता.

पुढचं मला रेक्टरबाईंनी सांगितलं. दुपारी बेंबळीच्या एका अकरावीतल्या मुलीचा मामा जीप घेऊन आला. वेबसाइटवर वडिलांची परवानगी हजर. मामा सख्खा, ओळखीचा. रेक्टरबाई मुलीला हाक मारायला निघाल्यासुद्धा. ताईंनी त्यांना थांबवून मुलीच्या वडिलांना फोन लावला.

"म्या कुणालाच पाठवलं न्हाय," वडील म्हणाले. "त्यानं पोरीला स्थळ आणलंय, म्या नको म्हणलंय. तिला सोडू नका, ताई."

मामा जीपमध्ये बसून निघून गेला. ती परवानगी त्याला कुणा कॉम्प्युटर शिकलेल्याने करून दिली होती, हे नंतर कळलं. ताई मात्र दुरुस्ती संपेपर्यंत फाटकावरून हलल्या नाहीत.

गेल्या वर्षी ताई अचानक गेल्या. आता कुलूप मीच ओढून बघतो, जिना उतरतो आणि पुन्हा वर जातो. त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्या घरी एक तरुण मुलगी आली, खांद्याला कॉलेजची बॅग. दारात मी होतो. कोण आपण, असं विचारलं.

"तुमी मला वळखणार न्हाय," ती म्हणाली. "ताईंनी माझ्या आण्णांना फोन लावला होता."

तिने नाव सांगायच्या आधीच मला रडू फुटलं.