हरणाबाईची पाखरं

फौजेतून आल्यापासून जोतीरामला घरात बसवत नव्हतं. सिग्नल तुकडीत सतरा वर्षं वायरलेसचे संच खोलण्यात आणि जोडण्यात गेलेली. आता कडेगावातला ऊस धाकटा भाऊ बघायचा आणि हा दिवसभर सोप्यातून अंगणात, अंगणातून सोप्यात फेऱ्या मारायचा.

अशात तो लोणंदला मित्राकडे गेला आणि बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरमधलं कपाटाएवढं गेमचं मशीन टेम्पोत घालून घेऊन आला. वरून उतरणारी विमानं खालच्या तोफेनं पाडायची, असा चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ. आतला बोर्ड पार जळालेला. जोतीरामनं जुनी पिक्चर ट्यूब तशीच ठेवली, आत तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला आणि त्या दोघांचं जमावं म्हणून स्वतः सर्किट बनवलं. चित्र आलं, पण ते लोळायला लागलं. ते स्थिर झालं, तर बटण दाबल्यावर गोळी क्षणभर उशिरा सुटायला लागली. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. याला मात्र अन्न गोड लागेना. ताटावरून उठून पुन्हा सोल्डरिंगला बसायचा.

"आवं, घास तरी संपवा," बायको, शिवांजली म्हणायची.

त्याची आई हरणाबाई खाटेवरून हे बघत असायची. वर्षापूर्वी अर्धांगवायूनं तिचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं दोनदा अंगणात भिरकावला होता, डाव्या हातानं.

एका सकाळी गोळी बोटाबरोबर सुटली. जोतीरामनं चार डाव खेळून बघितले आणि त्याला एकदम रितं रितं वाटलं. आता काय करायचं?

"ती इमानं कशापायी पाडतोस रं?" हरणाबाई म्हणाली. तिचं माहेर जतकडचं, धनगराचं. "आमी जुंधळ्यात माळ्यावर हुबं ऱ्हाऊन गोफण फिरवायचो. समदा थवा उठायचा." सांगताना तिचा डावा हात हवेत फिरला आणि उजवा खांदाही जरासा हलला.

जोतीराम त्या खांद्याकडे बघत राहिला. मग कॉम्प्युटर उघडून बसला.

विमानांची पाखरं झाली, तोफेचा राखणीचा माळा झाला, खाली जोंधळ्याची कणसं आली. बटण बशीएवढं केलं, आतली स्प्रिंग मऊ घातली, वायर लांबवून ते खाटेजवळ, आईच्या उजव्या हाताशी आणलं.

"मारू नगंस त्यास्नी," आईनं बजावलं. "उडाली म्हंजी झालं."

पहिले आठ दिवस पाखरांनी अख्खं रान खाल्लं. हात हलेना. हरणाबाई शिव्या देई, पण उठून जात नसे. तिचा हात धरून बटण दाबावं, असं जोतीरामला राहून राहून वाटायचं. शेवटी शिवांजलीनंच त्याला अंगणात काढलं. तिथंही त्याचा कान आतच असायचा.

नवव्या दिवशी दुपारी पंखांची फडफड ऐकू आली. तो धावत आत गेला. आईचा अंगठा बटणावर होता, आणि चेहरा घामानं डबडबला होता.

दिवाळीपर्यंत अंगठा आणि दोन बोटं चालू झाली. उरलेली दोन मिटलेलीच राहिली. तेवढ्या तीन बोटांनी हरणाबाई पदर सावरायला लागली, आणि रोज तासभर रान राखायला लागली.

"जोत्या, पाखरं लय मंद हायती," परवा ती म्हणाली. "जरा पिसाट कर त्यास्नी."

जोतीरामनं मशीनची मागची फळी काढली.