माजिवड्याचा पाळणा

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला माजिवड्याचा आकाशपाळणा आठवतो. कल्याणची चाळ सोडून आम्ही तिथे नुकतेच राहायला आलेलो आणि दुर्गाडीची जत्रा हुकणार म्हणून मी रुसलेली. “अगं, पाळणा सगळीकडे सारखाच,” म्हणत बाबांनी मला माजिवड्याच्याच मैदानात नेलं. वर गेल्यावर मी रडायलाच लागले, “तिथल्या पाळण्यातून आपलं घर दिसायचं. इथून नुसत्या बिल्डिंगी!” बाबांनी एका हाताने दांडा धरून आईला फोन लावला, “गॅलरीतला दिवा जरा चालू-बंद कर गं.” पुढच्या फेरीत वरून पाहिलं, तर सगळ्या उजेडात एकच दिवा उघडझाप करत होता. परवा कोलशेतला, आमच्या आताच्या घरासमोर, पाळणा लागला. लेक आजोबांबरोबर बसायला गेली आणि मी फोनची वाट न बघता गॅलरीतल्या दिव्याच्या बटणापाशी जाऊन उभी राहिले.