घरचे म्हणतील तसं

दादानं मोंबासाहून वहिनींना बोलावून घेतलं, त्याच वर्षी अर्धांगवायूनं आईचा उजवा हात आणि पाय गेला. या दोन गोष्टी मी आज शेजारी शेजारी मांडतो आहे. तेव्हा मांडल्या नाहीत. मनातल्या मनातसुद्धा नाही.

दादा माझा थोरला भाऊ. आधी एडनला आणि मग मोंबासाला, आगगाडीच्या नव्या रस्त्यावर कारकून. वहिनी लग्न होऊन कल्याणला आमच्या घरी आल्या, पण नवरा सुट्टीपुरताच बघितला. घरात माणसं तीन: आई, वहिनी आणि मी. माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती. दुसरं लग्न कर म्हणून लोक सांगत आणि मी बघू म्हणे. घरात ताट वाढलेलं मिळत होतं, आईचं सगळं वेळेवर होत होतं, त्यामुळे बघू म्हणणं सोपं होतं.

दादाचा निरोप आला, की आता तिकडं राहायला घर मिळालं आहे, तिला पाठव. पण बाईमाणूस एकटी आगबोटीनं जाणार, तर ठाण्याच्या साहेबापुढं उभं राहून परवाना घ्यावा लागे. बायकांना भुलवून मजुरीला नेणारे दलाल होते, म्हणून ही खबरदारी. साहेब गोरा. त्याचं बोलणं मराठीत आणि आमचं त्याच्या भाषेत करायला एक वयस्कर शिरस्तेदार.

आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं ठाण्याला गेलो. आईपाशी शेजारच्या काकू बसल्या. वहिनींनी लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं, त्याला कापराचा वास येत होता. कचेरीच्या ओट्यावर त्यांना बसवून मी शिरस्तेदारांना भेटलो. त्यांनी मला खांबाआड घेतलं.

"मास्तर, एक करा. साहेब विचारील, तुझ्या खुशीनं जातेस का. बाईंनी सरळ म्हणायचं, हो, माझ्या खुशीनं जाते. दुसरं काही बोलल्या तर तो परत पाठवतो. आपल्या बायका काय बोलतात ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

मी शाळामास्तर. इन्स्पेक्टर यायच्या आधी पोरांकडून उत्तरं घोकून घेणं हाच माझा धंदा. त्या दिवशी ओट्यावर परत आलो आणि वहिनींना विचारलं, "पाणी हवंय का?"

त्या नको म्हणाल्या.

आत साहेबानं तोच प्रश्न विचारला. शिरस्तेदारांनी तो मराठीत केला. वहिनींनी पदर सावरला, खाली बघितलं आणि चांगल्या घरची सून दिराच्या देखत जे म्हणते तेच म्हणाल्या.

"घरचे म्हणतील तसं."

शिरस्तेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. साहेबानं पुन्हा विचारलं, वहिनी पुन्हा तेच म्हणाल्या. मग साहेबाला वाटलं, हे घरचे म्हणजे कोण ते बघावं. त्यानं मला विचारलं, "घरच्यांची मर्जी काय?"

मी म्हणालो, "आई म्हणेल तसं."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. बाईला पाठवण्याची इच्छा नक्की कोणाची आहे ते ठरवून या, असा हुकूम झाला. गाडीत वहिनी एवढंच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का, भाऊजी?"

"नाही हो," मी म्हणालो. "साहेब लोकांचं असंच असतं."

घरी येऊन मी रीतसर आईला विचारलं. ती अर्ध्या तोंडानं म्हणाली, "तुम्ही भाऊ-भाऊ ठरवाल तसं." मग दादाला लिहिलं. मोंबासाचं टपाल यायला महिने लागत, हे मला माहीत होतं. ते माझ्या सोयीचं होतं. दादाचं उत्तर शेवटी आलं: आईच्या दुखण्यात तिला पाठव असं मी कसं म्हणू, आई म्हणेल तसं. म्हणजे ज्यानं बोलावलं त्याचीही मर्जी आईवर, आईची आमच्यावर आणि वहिनींची सगळ्यांवर. माझी तेवढी पक्की होती, पण मला कोणी विचारत नव्हतं.

दादाचं उत्तर मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या आईचा पाय चेपत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि दुसरा पाय घेतला. त्या रात्री जेवणात मीठ नव्हतं. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "अरे, हिला एकदा जाऊ दे, नाहीतर आपण सगळे अळणी मरू."

तेवढ्यावर आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो. मुंब्रा मागं पडल्यावर मी घसा साफ करून म्हणालो, "वहिनी, मला आता कळलं, तिथं काय बोलायचं असतं ते. माझ्या खुशीनं जाते, असं म्हणायचं."

त्या बाहेर खाडीकडे बघत होत्या.

"खांबाआड ते तुम्हाला हेच सांगत होते ना, भाऊजी? मागच्या खेपेला?"

तेवढ्यात बोगदा आला, त्याचं मला बरं वाटलं. बोगदा संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आल्यावर सांगाल. तुम्ही पाणी विचारलंत."

साहेब तोच होता. प्रश्नही तोच. वहिनींनी या वेळी मान वर केली. पदर सावरला नाही.

"मला जायचंय. माझ्या खुशीनं जाते. कोणी पाठवत नाही."

आवाज एवढा चढला, की दारातला शिपाई वळून बघायला लागला. शिरस्तेदारांना ते साहेबाला सांगावंसुद्धा लागलं नाही, साहेब लिहायला लागला होता. मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "दिराची काही हरकत?"

आई म्हणेल तसं, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं," मी म्हणालो. "आईचं कोण करील म्हणून. माझंही कोण करील म्हणून. मागच्या खेपेला उत्तर माहीत असून मी यांना सांगितलं नाही. आता हरकत नाही."

शिरस्तेदारांनी त्यातलं शेवटचं तेवढंच साहेबाला सांगितलं. साहेबानं सही केली. वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी परवाना घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "चला भाऊजी, गाडी चुकेल."

निघण्याआधीचे दिवस त्यांनी मला आईची पेज करायला शिकवण्यात घालवले. तांदूळ किती भरडायचे, ती केव्हा उतरवायची, डाव्या बाजूनं कशी भरवायची. चुकलो की पुन्हा करायला लावत. मास्तरकी त्यांना माझ्यापेक्षा बरी जमायची. मुंबईला बोटीवर चढताना त्यांनी मला नमस्कार केला नाही, वयानं माझ्यापेक्षा लहान असूनही. "मीठ शेवटी घाला," एवढं म्हणाल्या.

घरी आल्यावर संध्याकाळी मी पेज केली आणि आईच्या उशाशी बसलो.

"आई, भरवू का?"

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली. एक घोट घेतला, "अळणी," म्हणाली आणि तोंड फिरवलं.