डाव्या चाकाचा आवाज

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दादा गेला. माझा थोरला भाऊ. जिंतूरच्या बाजारातून कापसाचा सौदा करून तो परभणीला परत येत होता. एका वळणावर गाडी सरळच गेली आणि नाल्यात उतरली. गाडीला फारसं काही झालं नाही. पुढचा पत्रा चेपला, एक दिवा फुटला. दादाची छाती मात्र स्टिअरिंगच्या चाकावर आदळली. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटले.

दिवस व्हायच्या आतच पारावर बोलणं सुरू झालं. "भर दुपारी, कोरड्या रस्त्याला गाडी नाल्यात जाती व्हय? गाडीला पेट्रोल अन् गाडीवाल्याला शिंदी!" कोणी तरी हसलं. मी तिथून पुस्तक काखेत धरून चाललो होतो. थांबलो नाही.

ते बोलणं घरात पोचलंच. तेरावा झाल्यावर वहिनींनी मला माजघराच्या दाराशी बोलावलं. त्या अजून अंगणात येत नव्हत्या.

"भावजी, त्यांनी कधी शिंदीला हात लावला न्हाई. तुमाला ठाऊक हाय. लेकरं उद्या शाळंत हेच ऐकणार. गाडीत काय बिघाड होता का, तेवढं बघा."

"बघतो," म्हणालो. वहिनींना जे कळायला हवं होतं, त्याची मला भीती वाटत होती.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. वळवताना गाडी किंचाळायची. एखाद्या कुत्र्याच्या पिलाच्या शेपटीवर पाय पडावा तशी. दादा म्हणाला, "पुढच्या चाकांना ग्रीस मार. डबा संपलाय, मिस्त्रीकडून आण." ग्रीसचा पंप घरात होताच. मी शाळेत शिकवून आलेलो, हातातली कादंबरी संपत आलेली, मिस्त्रीचं दुकान पार स्टेशनजवळ. कोनाड्यात जवसाच्या तेलाची बाटली होती. तेल ते तेल, असं म्हणून मी ते पंपात भरलं आणि दोन्ही चाकांच्या सांध्यांत मारलं. आवाज गेला. दादानं विचारलं, "घातलं का?" मी म्हणालो, "घातलं." शब्द खोटा नव्हता.

आठवड्यानं गाडी पुन्हा ओरडू लागली. "मास्तर, तुझं ग्रीस चार दिवसाचंच होतं का रे?" दादा हसत म्हणाला. पुढं कापसाचे दिवस आले, आणि ते राहून गेलं.

मी बोलावलं तसे मिस्त्री घरीच आले; नाल्यातून काढलेली गाडी अंगणातच उभी होती. पिकलेली दाढी, निजामाच्या अमलात कुणा साहेबाची गाडी राखलेला माणूस. त्यांनी मला गाडीत बसवलं. "उभ्या गाडीतच चाक फिरवा, मास्तर." मी फिरवलं. तोच आवाज निघाला आणि माजघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

"उभ्यानं वरडतीय, म्हंजे ब्रेक न्हाई," मिस्त्री म्हणाले. त्यांनी एक हातभर लाकडी दांडका घेतला. एक टोक कानाला लावायचं, दुसरं गाडीला. स्टिअरिंगच्या दांडीला लावून ऐकलं, मान हलवली. उजव्या चाकामागं ऐकलं, मान हलवली. मग डाव्या चाकामागं वाकले आणि तसेच राहिले.

"हितं हाय."

ज्या खिळीवर चाक वळतं, तिला ते किंगपिन म्हणत. त्यांनी पंप लावला. ग्रीस आत जाईना, तोंडाशीच बाहेर येऊ लागलं. ग्रीस घालायचं निपल काढून पाहिलं तर आतलं भोक बुजलेलं. भोकात रॉकेल ओतून त्यांनी ते रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या सकाळी चाक उचलून, लाकडाचा ठोकळा धरून खिळी ठोकून बाहेर काढली. तिच्यावर पिवळट तपकिरी, घट्ट थर बसला होता. मिस्त्रींनी नखानं खरवडला, नाकाशी नेला.

"गाडीला फोडणी दिली व्हय हो? हे जवस हाय. सुतार दारं-खिडक्यांला लावतंय हे तेल. वाळून लाखंवानी होतंय. मग चाक वळायलाबी जड अन् माघारी सरळ यायलाबी जड."

"त्यानं गाडी नाल्यात जाईल?"

"मी तिथं नव्हतो, मास्तर. पर जोर लावावा लागत असंल. जोर लावूनबी वळणावर चाक येळंवर वळलं न्हाई तर गाडी सरळच जाईल. लांबून बघणाराला वाटंल, गडी पिऊन हाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या भाऊसाबनीच घातलं असंल. लय लोकं करतेत अशी गलती."

एवढं सोपं होतं ते. मी मान हलवली असती तरी चाललं असतं. मी हलवली नाही. मिस्त्रींनी खिळी पॉलिश-कागदानं घासली, पुन्हा बसवली, जुनं काळं बाहेर येईपर्यंत ग्रीस मारलं. उजवीकडचीही काढून तसंच केलं. "फिरवा." मी स्टिअरिंग फिरवलं. दोन बोटांनी फिरत होतं. आवाज नव्हता.

माजघराच्या दाराआडून वहिनींनी विचारलं, "ते तेल कोणी घातलं?"

"मी," म्हणालो.

मिस्त्री रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत राहिले.

"म्हंजे ते शुद्धीत होते," त्या म्हणाल्या. "पारावर जावा अन् चार माणसांत सांगा. तुमच्या तोंडानं."

संध्याकाळी मी गेलो. खिळीवरचा खरवडलेला थर कागदाच्या पुडीत नेला होता. सगळं सांगितलं: कादंबरी, बाटली, पंप. शिंदीची गोष्ट काढणारा गृहस्थ पुडी उघडून पाहत होता. "शिकल्यालं माणूस हाय म्हणं," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानंतर शिंदीचं नाव कुणी काढल्याचं माझ्या कानी आलं नाही.

घरी आलो तेव्हा पाट मांडलेला होता. वहिनींनी रोजच्यासारखं ताट वाढलं, भाकरीवर रोजच्याइतकंच लोणी घातलं.

"वाढू का अजून, मास्तर?" त्यांनी विचारलं.

लग्न होऊन आल्यापासून त्या मला भावजी म्हणत होत्या. त्या दिवसापासून, शेवटपर्यंत, मास्तर म्हणाल्या.