बाभूळ चालते

निजामाच्या अमदानीत मी वालूरला मास्तर होतो. उर्दूतून विज्ञान शिकल्याची मोठी घमेंड होती. शाळेच्या वाटेवर एक म्हातारा धनगर रोज आकडीने बाभळीच्या शेंगा पाडून शेळ्यांना घाली. एकदा मी त्याला शिकवायलाच थांबलो. "बाबा, शेळी चालते, झाड चालत नाही. प्राणी आणि वनस्पतीत हाच फरक."

तंबाखू मळता मळता त्याने लेंडीतून उगवलेलं बोटभर रोप दाखवलं. "ही बाभूळ पल्याडच्या शिवारातून शेळीच्या पोटात बसून आली, मास्तर. अन् तुमी म्हणायलाव, झाड चालत न्हाई!"

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांना मी हेच माझं निरीक्षण म्हणून सांगितलं. "वाह, मुदर्रिस साहब!" ते म्हणाले. उर्दूत मास्तरला मुदर्रिस म्हणत. मी लवून सलाम केला. म्हाताऱ्याचं नाव विचारण्याइतकं विज्ञान मात्र मला कधीच आलं नाही.